बँड जाड झाला, पण ऑटोफॅजी वाढली का?

प्रश्न : मी बडोद्यात पीएच.डी. करते. कर्करोगाच्या पेशींना एक औषध दिल्यावर ब्लॉटवर (अँटिबॉडीने एकेक प्रथिन पट्ट्यासारखं दाखवणारी चाचणी) एलसी३-२ या प्रथिनाचा बँड चांगला जाड आला. सर म्हणतात, ऑटोफॅजी वाढली, पेपर लिहायला घे. पण पी६२ हे प्रथिनसुद्धा वाढलेलं दिसतंय. अँटिबॉडीच खराब असेल का? नवी मागवायची तर खर्च बराच आहे.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : अँटिबॉडीवर संशय घेण्याआधी पी६२ कडे नीट बघ. तुझी शंका अगदी रास्त आहे. ऑटोफॅजीत पेशी स्वतःतला निकामी माल पिशवीत भरते आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनघरात, नेऊन पचवते. (योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल यासाठीच मिळालं.) एलसी३-२ त्या पिशवीच्या पडद्याला जोडलेलं असतं, पी६२ मालाबरोबर आत जाऊन पचतं. म्हणजे पिशव्या जास्त बनल्या तरी एलसी३-२ वाढणार आणि पचन अडलं तरी वाढणार. सोबत पी६२ ही साचलंय, तेव्हा मला दुसरी शक्यता जास्त वाटते. खात्री मात्र नाही; काही औषधांनी पेशी पी६२ नव्यानेही बनवते.

चार नमुने एकाच जेलवर चालव : काहीच न दिलेला, नुसतं औषध, नुसतं बॅफिलोमायसिन (लायसोसोममधलं पचन थांबवणारं रसायन), आणि दोन्ही. बॅफिलोमायसिन शेवटचे दोन-चार तासच दे. परवडत नसेल तर तेच काम करणारं क्लोरोक्विन चालेल. दोन्ही दिलेल्या नमुन्यात एलसी३-२ नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा जास्त आलं, तर सरांचं बरोबर. तेवढंच राहिलं, तर औषध पचनच अडवतंय.

आता अँटिबॉडी. एलसी३-२ ची तुलना ॲक्टिनशी (सगळ्या नमुन्यांत साधारण सारखं असणारं प्रथिन) कर, एलसी३-१ शी (पिशवीच्या पडद्याला न जोडलेलं रूप) नको. बऱ्याच अँटिबॉडी या दोन रूपांना सारख्या ताकदीने धरत नाहीत, शिवाय नमुना पुन्हा पुन्हा गोठवला-वितळवला की एलसी३-१ लवकर खराब होतं. बँड १६ आणि १४ किलोडाल्टनच्या आसपास येतात, म्हणून १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ (जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवतात तो मेम्ब्रेन) घे, ०.४५ च्या मेम्ब्रेनमधून इतकी लहान प्रथिनं आरपार निसटतात. एटीजी५ (या पिशव्या बनवायला लागणारं जनुक) काढून टाकलेल्या पेशींचा लायसेट (पेशी फोडून केलेला अर्क) कुणाकडे मिळाला तर जरूर माग. त्यात एलसी३-२ चा बँड दिसताच कामा नये. तरीही दिसला, तर मात्र अँटिबॉडी बदल. नवी घेताना कॅटलॉगमधला नुसता सुंदर बँड बघून भुलू नकोस, नॉकआउट (जनुक काढून टाकलेल्या) पेशींवरचा ब्लॉट दिलाय का ते बघ. आपल्याकडच्या मे महिन्यात खोका आला की जेलपॅक अजून गार आहेत का, हे सही करण्याआधी तपास. आणि मी नवा लॉट नेहमी जुन्याच्या शेजारी चालवूनच वापरायला घेते, तूही घे.

पी६२ चा ब्लॉट सरांसमोर ठेव, वगळू नकोस. औषध पचन अडवतंय असं निघालं तरी पेपर होतोच : क्लोरोक्विनचा भाऊ हायड्रॉक्सीक्लोरोक्विन याच गुणासाठी कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तपासला गेला आहे.