स्टुटगार्टमधला तुमचा शनिवार

नाशिक, सप्टेंबरअखेर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

ट्रेनिंगचं वेळापत्रक आणि तुझी यादी, दोन्ही वाचलं. ऑक्टोबरातला एक शनिवार मोकळा आहे आणि तू व क्वालिटीतली तुझी मैत्रीण जर्मनीतलं स्टुटगार्ट बघायला निघणार आहात. टीव्ही टॉवर, राजवाड्याचा चौक, ती पांढरी चौकोनी लायब्ररी, दोन म्युझियमं, प्राणिसंग्रहालय, वर खरेदी. ही यादी बाजूला ठेव. धावपळ केलीत तर एका दिवसात सगळं उरकेलही, पण मग दिवसभर तुम्ही घड्याळ आणि मोबाइलवरचा नकाशाच बघत बसाल.

दोघींनी एकेकच ठिकाण निवडा, आणि ते आपल्याला ज्यातलं कळतं त्यातलं निवडा. परक्या गावात आपल्याला भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नसतं. पण हाताला जे काम ठाऊक आहे ते तिथेही चालतं, आणि त्याच वाटेने ते गाव आपल्याशी बोलायला लागतं. कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं तेव्हा सोबत सातपूरचाच एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, होता. त्याला राजवाड्यांचं काही नव्हतं. तो दारांच्या बिजागऱ्या, जिन्यांचे कठडे, नळाच्या तोट्या बघत चालायचा, हात लावून बघायचा आणि मला थांबवून सांगायचा की हे कसं केलं असेल. ते शहर मला आठवतं ते त्याच्यामुळे. एकटा असतो तर त्या कठड्यांवरून माझी नजरसुद्धा गेली नसती.

तुझ्या मैत्रिणीला गाड्यांचं वेड आहे, म्हणजे तिचं ठिकाण ठरलेलंच, मर्सिडीज म्युझियम. सकाळी नऊला उघडतं, तेव्हाच आत शिरा. लिफ्ट थेट वरच्या मजल्यावर नेते आणि मग गोल उतारांवरून काळाच्या क्रमाने खाली यायचं असतं. सुरुवातीलाच कार्ल बेंझची 1886 ची तीनचाकी आहे. तिच्यापाशी थोडं थांबा. 1888 मध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन अशाच गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. तुम्ही दोघी शॉपफ्लोअरवर काम करता, यातली प्रत्येक अडचण तुम्हाला कळेल. म्युझियममधल्या तीनेक तासांत मैत्रीण बोलेल आणि तू ऐकायचंस. तुला कंटाळा आला तरी बाकावर फोन काढून बसू नकोस. तिला विचार, या इंजिनात नवं काय आहे, या जोडावर तू नापास असा शिक्का मारला असतास का. दुसऱ्याच्या आवडीत मनापासून शिरणं ही सोबत करण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि ती तुला जमावी असं मला फार वाटतं.

आता तुझं ठिकाण. तू पिंपळगावच्या बागायतदाराची लेक. स्टुटगार्टच्या हद्दीतच, नेकर नदीच्या काठच्या टेकड्यांवर द्राक्षबागा आहेत. म्युझियमपासून जवळच्या उंटरट्युर्कहाइम स्टेशनवरून बसने वर रोटेनबर्गला जाता येतं. तिथे उतर आणि पायी चाल.

आपल्याकडे सपाट रानावर मांडव घालतात किंवा इंग्रजी वाय आकाराच्या आधारांवर वेल पसरवतात. तिथे उभ्या चढावर बुटक्या वेलींच्या ओळी तारेला बांधलेल्या दिसतील, काही ठिकाणी दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर तिरपं ऊन नीट पडतं आणि थंड हवा खाली ओसरते, म्हणून एवढा खटाटोप. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा नाही, कारण तिकडच्या थंडीत वेल स्वतःच झोपते. तू जाशील तेव्हा तिथे तोडणीचा हंगाम असेल, आणि त्याच आठवड्यात तुझे बाबा इथे कात्री घेऊन छाटणीला उभे असतील. कुणी माणूस बागेत दिसला तर हाक मार, मोबाइलमधला आपल्या बागेचा फोटो दाखव. दोन बागायतदारांना बोलायला भाषा फार लागत नाही. ओळीत मात्र विचारल्याशिवाय शिरू नकोस आणि मणी तोडू नकोस, हे तुला सांगायला नको.

टेकडीच्या माथ्यावर राणी कॅथरिनाचं समाधीमंदिर आहे. त्याची हकिकत शेतकऱ्याच्या घरची आहे म्हणून लिहितो. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुराळ्याने ऊन अडलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या राज्यात, दुष्काळ पडला. तेव्हा या राणीने गरिबांसाठी मदत उभी केली आणि 1818 मध्ये बचत बँक काढली. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने, म्हणजे राजाने, शेतीचं शिक्षण देणारी संस्था स्टुटगार्टजवळ होहेनहाइमला सुरू केली आणि शेजारच्या कान्श्टाटला शेतीची जत्रा भरवली. ती जत्रा आजही भरते, बहुधा तुम्ही जाल तेव्हा चालूच असेल, ट्रेनमध्ये गर्दी दिसेल. राणी 1819 मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी गेली. राजाने आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडला आणि त्या जागी हे मंदिर बांधलं. दुष्काळानंतर लोकांच्या हाती काय ठेवायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. तिथे वर उभी राहून मैत्रिणीला ही गोष्ट तू सांग.

तिथून पुढे काही ठरवू नका. तासभर वेगवेगळ्या फिरलात तरी चालेल, ठरल्या वेळी बसथांब्यावर भेटा. सोबत म्हणजे सतत खांद्याला खांदा लावून चालणं असं मी मानत नाही.

खाण्याचं नीट बघा, कारण मैत्रीण माळकरी घरातली आहे. माउलटाशन हा तिकडचा प्रसिद्ध पदार्थ, पण आत मांस असतं. श्पेट्सले म्हणजे तिकडच्या जाड शेवया, पिठाच्याच, पण त्यात अंडं घालतात. ब्रेझेल या पिळाच्या पावातसुद्धा कधीकधी डुकराची चरबी असते, म्हणून विचारूनच घ्या. फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे, बहुतेक ठिकाणी मिळतात. खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत असू दे. तिकीट तपासणारं फाटक स्टेशनच्या दारात नसतं, तरी तिकीट काढल्याशिवाय चढू नका, तपासनीस आला तर 60 युरो दंड आहे. आणि रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच संध्याकाळी घेऊन ठेवा.

एक काम माझ्यासाठी कर. दुपारी दीड वाजता, म्हणजे आपले इथले पाच, रोटेनबर्गच्या बागेतून बाबांना व्हिडिओ कॉल लाव. त्यांना वेलीचं खोड, तारेची उंची आणि दोन ओळींमधलं अंतर जवळून दाखव. ते काय काय विचारतील ते मला माहीत आहे, म्हणून मोबाइल पूर्ण चार्ज करून ने. त्या वेळी बागेतच थांबा, असं मी त्यांना सांगून ठेवतो.

तुझा,
काका