जयंती, जन्मदिवस की वाढदिवस?

प्रश्न असा आला आहे: 'आई जाऊन दोन वर्षं झाली. पुढच्या महिन्यात तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस. घरगुती कार्यक्रमाच्या पत्रिकेत भावानं "आईची ७५वी जयंती" असं लिहिलंय. मला ते खटकतं. पण गेलेल्या माणसाचा वाढदिवस म्हणता येतो का?'

खुशाल म्हणता येतो. आणि खटकलं ते योग्यच खटकलं, असं मला वाटतं.

तरी भावावर अन्याय नको. जयंती हा शब्द गेलेल्यांसाठीच राखून ठेवलाय, असा एक समज आहे, त्यात तथ्य नाही. संस्कृतात जयन्ती म्हणजे विजयी होणारी. दुर्गेचं ते एक नाव आहे, आणि कृष्णजन्माच्या अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं तर त्या योगालाही जयंती म्हणतात. हनुमान तर चिरंजीव, तरी आपण हनुमान जयंतीच म्हणतो. हिंदीत चालत्या संस्थेचीही 'रजत जयंती' होते, आपण तिथे रौप्यमहोत्सव म्हणतो. तेव्हा भावाचा शब्द चुकीचा नाही, पण तो चौकातला आहे. आज मराठीत जयंती म्हटलं की देव, संत, महापुरुष डोळ्यांपुढे येतात. प्रतिमेला हार, खाली 'विनम्र अभिवादन'. १४ एप्रिलला ते शोभतं. आईला कोणी अभिवादन करत नाही, तिची आठवण काढतात. जिजाऊंचंच बघा. महाराष्ट्रभर १२ जानेवारीला जिजाऊ जयंती म्हणतात, पण त्यांच्या माहेरी, सिंदखेडराजाला, त्या दिवशी जिजाऊ जन्मोत्सव असतो. माहेरच्यांना 'जन्म' हाच शब्द जवळचा वाटला असावा.

पत्रिकेसाठी 'आईचा ७५वा जन्मदिवस' चांगलं. साधं आहे आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. स्मृतिदिन (यातला 'ति' ऱ्हस्व), पुण्यतिथी, पुण्यस्मरण हे सगळे शब्द मृत्यूच्या दिवसाचे, ते इथे घालू नका. नुसती 'तिथी'सुद्धा नको. 'आज घरी आईची तिथी आहे' म्हटलं की ऐकणारा श्राद्धच समजतो.

आता वाढदिवस. आक्षेप एवढाच, की गेलेल्याचं वय वाढत नाही, मग वाढदिवस कसला? पण ती जबाबदारी नामावर कशाला टाकायची? मराठीत ती क्रियापद उचलतं. 'आज आईला पंचाहत्तर पूर्ण झाली असती.' त्या एका 'असती'त ती नाही हे सांगून झालं, वाढदिवस हा शब्द बदलायची गरजच उरली नाही. त्याहून बारीक फरक 'असायचा' आणि 'असतो' यांत आहे. 'या दिवशी आईचा वाढदिवस असायचा' म्हटलं की दिवसही तिच्याबरोबर गेला. 'असतो' म्हटलं की माणूस गेलं तरी दिवस घरात राहतो. दरवर्षी येणाऱ्या गोष्टींना आपण 'असतो'च लावतो: पाडवा असतो, पोळा असतो. त्याच रांगेत आईचा वाढदिवस बसतो, व्याकरणाची काहीही मोडतोड न करता.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझ्या आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून. गुरुजींनी नाव घालताना तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना तीच तारीख देऊन टाकली होती. ती स्वतः सांगायची, 'मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची.' आदल्या दिवशीचा नारळीभात मुद्दाम वाटीभर राखून ठेवायची, लवंग बाजूला काढून खायची, तेवढाच तिचा वाढदिवस. ती जाऊन नऊ वर्षं झाली. पौर्णिमेच्या सकाळी धाकट्या बहिणीचा फोन येतो, 'अरे, उद्या आईचा वाढदिवस असतो. भात जरा जास्त टाक.'