डब्यातलं प्लास्टिक आणि पोटातलं बाळ

प्रश्न : मी बाणेरला आयटी कंपनीत आहे. सातवा महिना चालू आहे. सोनोग्राफीत बाळाची वाढ दोन आठवडे मागे आहे असं आलं. दुपारचा डबा मी रोज प्लास्टिकमध्येच मायक्रोवेव्हला गरम करत होते. त्यामुळेच हे झालं असेल का?

डब्याला एवढ्यात फाशी देऊ नका. बाळ मागे पडतं तेव्हा आम्ही आधी आईचा बीपी, हिमोग्लोबिन आणि वारेतून (प्लॅसेंटातून) होणारा रक्तपुरवठा पाहतो. कित्येकदा तर पाळीची तारीखच चुकीची सांगितलेली असते. पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधा, तारखा जुळवा आणि डॉप्लर (बाळाचा रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. हे याच आठवड्यात करा.

आता डब्याविषयी. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए असतं, तर मऊ पीव्हीसीमध्ये थॅलेट्स, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं. पदार्थ गरम, तेलकट किंवा आंबट असेल तर ती अन्नात जास्त उतरतात. बीपीए इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं आणि काही थॅलेट्स टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार होण्यात अडथळा आणतात. वार म्हणजे बाळाभोवतीची तटबंदी, असं पूर्वी मानत. प्रत्यक्षात ही रसायनं वारेतून पलीकडे जातात. शिवाय हार्मोन्सचं सगळं काम अगदी सूक्ष्म मात्रेत चालतं, म्हणून ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे इथे नेहमी खरं ठरत नाही.

पुरावा मात्र सगळीकडे सारखा भक्कम नाही. अमेरिकेतल्या १६ अभ्यासांतील ६,०४५ गर्भवतींची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या लघवीत काही थॅलेट्सचे अंश जास्त, त्यांच्यात मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. बीपीए आणि जन्मवजनाबाबत मात्र एक अभ्यास होय म्हणतो, दुसरा नाही. त्यातही पाकीटबंद आणि डबाबंद जास्त खाणाऱ्या बायकांच्या आहारात इतरही फरक असतात, त्यामुळे सगळं खापर एका रसायनावर फोडता येत नाही.

दिलाशाची गोष्ट अशी की बीपीए शरीरात साठून राहत नाही, काही तासांतच त्याचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. घरून स्टीलचा डबा न्या, ऑफिसात काचेच्या बाऊलमध्ये काढून गरम करा. ‘बीपीए-फ्री’ शिक्क्यावर मात्र फार विसंबू नका, कारण बऱ्याचदा त्याच्या जागी त्याचाच भाऊ बीपीएस घातलेला असतो.

प्रश्न : आम्ही नारायणगावकडचे. सून पाचव्या महिन्यात आहे, टोमॅटोच्या फवारणीला शेतात असते. घरातल्या सगळ्याच बायका मिश्री लावतो, तीही लावते. प्लास्टिकच्या बाटल्यांचं ऐकून जीव घाबरतो.

मावशी, बाटल्या राहू द्यात, आधी मिश्रीची डबी घराबाहेर काढा. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा अभ्यास झाला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि त्यातल्या बहुतेक जणी मिश्रीच लावणाऱ्या होत्या. प्लास्टिकबद्दल इतका स्पष्ट आकडा माझ्याकडे नाही. सुनेला एकटीला सोडायला सांगाल तर ती चोरून लावेल. तुम्ही सगळ्याजणी मिळून सोडा.

फवारणीचं म्हणाल, तर काही कीटकनाशकं हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात हे खरं आहे. औषध कालवायला तिला बसवू नका. फवारणीच्या दिवशी आणि बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत तिला त्या रानात पाठवू नका. फवारणीचे कपडे तिनं धुवायचे नाहीत, ज्यानं फवारलं त्यानं धुवावेत. (यावर घरात वाद होईल, होऊ द्या.)

प्रश्न : मी हडपसरला मॉलमध्ये कॅशियर आहे. दिवसभर बिलं हाताळते. चौथा महिना आहे.

चकचकीत थर्मल कागदावरचं बीपीए किंवा बीपीएस नुसतं वर लागलेलं असतं, ते बोटांवर येतं. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या ओल्या हातातून ते जास्त शिरतं, म्हणून हात कोरडे ठेवा आणि खाण्याआधी साबणानं धुवा. युरोपीय संघानं अशा कागदात बीपीए वापरायला जानेवारी २०२० पासून जवळजवळ बंदीच घातली आहे. शक्य असेल तर रजेआधी काही महिने दुसरं काम मागून पाहा.

प्रश्न : बायकोच्या शरीरातली रसायनं तपासून ‘डिटॉक्स’ करून घ्यावं का?

नको. बीपीएची पातळी तासातासाला बदलते, आणि त्या आकड्यावरून मी एकही औषध लिहून देणार नाही. त्याच पैशात तिला महिनाभर फळं आणा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पहिलं बाळ पावणेतीन किलोचं झालं. म्हणजे रसायनांचा काही परिणाम झाला नाही ना?

वजनकाट्यावर सगळं दिसत नाही, हे जगाला आपल्या पुण्यानंच दाखवून दिलं. जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं दंडापोटाला बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. तो अभ्यास आईच्या पोषणाचा होता, रसायनांचा नाही. पण रसायनांबाबतही काट्याची मर्यादा तीच आहे. मुलग्याची जननेंद्रियं साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात घडतात, आणि थॅलेट्सचा तिथे काही परिणाम झालाच तर तो वजनात उतरेलच असं नाही.

म्हणून पुढच्या खेपेला डबा आणि मिश्री सातव्या महिन्यात नाही, दिवस राहण्याआधीच बदला. पहिल्या बाळाचं म्हणाल, तर ते नीट वाढतंय, बागडतंय ना? मग त्या तीन वर्षांपूर्वीच्या बाटल्यांचा हिशेब आता मांडत बसू नका.