प्रिंटर नाही, तरी प्रिंटिंग सर्विस चालूच!

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकलंय. घरात प्रिंटर नाही, घ्यायचाही नाही, तरी ती कप्स नावाची सर्विस सारखी चालू दिसते. स्टॉप केली तर थोड्या वेळाने परत चालू, डिसेबल करून रीस्टार्ट केलं तरी बया हजर! अनइन्स्टॉल करायला भीती वाटते, अजून काय काय उडेल म्हणून. काय करू?

उत्तर : अहो, ती आपणहून उठत नाहीये, तिला उठवणारे वेगळेच आहेत. स्टॉप म्हणजे फक्त आत्तापुरतं बंद, पण कप्सचं सॉकेट आणि पाथ ही दोन युनिट्स (म्हणजे सर्विसला गरजेला उठवणारे पहारेकरी) जागीच असतात, कुठल्या प्रोग्रॅमने प्रिंटर आहे का म्हणून नुसतं विचारलं की सॉकेट लगेच सर्विस चालू करतं. (स्टॉप करताना टर्मिनलवर तशी वॉर्निंग येते, पण ती वाचतं कोण!) आणि डिसेबल म्हणजे बूट होताना स्वतःहून चालू होऊ नको एवढंच, दुसऱ्या सर्विसला ती लागत असेल तर सिस्टिमडी (सगळ्या सर्विसेस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) तिला चालू करणारच. इथे ती दुसरी म्हणजे कप्स-ब्राउझ्ड, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी. खरं तर आधी बंद करायची ती हीच, कारण सप्टेंबर 2024 मध्ये हिच्यातच सुरक्षेचं मोठं भोक सापडलं होतं, यूडीपीच्या 631 पोर्टवर (नेटवर्कवरून आत यायच्या एका वाटेवर) आलेलं कुणाचंही पॅकेट ही खरं मानून घ्यायची.

म्हणून आधी कप्स-ब्राउझ्ड आणि मग कप्सची सर्विस, सॉकेट, पाथ, चारही नावं एकाच कमांडमध्ये देऊन सुडो (ॲडमिनचे हक्क) लावून सिस्टिमसीटीएल मास्क करा, सोबत दोन डॅश जोडून नाऊ लिहिलं की चालू असलेल्याही लगेच थांबतात. मास्क केलं की त्या नावाची लिंक थेट डेव्ह-नलकडे, म्हणजे रिकाम्या जागेकडे जाते, मग कुणीही बोलावलं तरी चालू होत नाही. अनइन्स्टॉलची गरजच नाही, उद्या प्रिंटर आलाच तर अनमास्क करा, आधी डिसेबल केलंय म्हणून इनेबलही करा, झालं. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढायला कप्स लागत नाही, ती काळजी नको.

फक्त यामुळे लॅपटॉप पळायला लागेल असं समजू नका, कप्स रिकामी बसलेली असताना फार काही खात नाही. बूट स्लो वाटत असेल तर सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम ही कमांड चालवून बघा, कुणी किती वेळ घेतला त्याची यादी येते, त्यात नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्विस) बऱ्याचदा वरच्या नंबरात असते. पण त्या यादीत डीबस (प्रोग्रॅम्सना आपसात बोलू देणारी) किंवा लॉगिनडी (लॉगिन सांभाळणारी) दिसली तर हात लावू नका हं, लॉगिन स्क्रीनच यायची नाही.