फोटो रीतसर विकत घेतला असेल तर खेळाडूचं ट्रेडिंग कार्ड छापायला त्याची वेगळी परवानगी लागते का?

हो, लागते. फोटोग्राफरला पैसे दिलेत, बिल आहे, म्हणजे झालं असं तुम्ही धरून चाललाय, आणि नेमकं हेच मला एका कंपनीच्या माणसाने फोनवर ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी राज्यपातळीवर कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. खेळ सुटल्यावर काही वर्षांनी दादाची मुलगी लहान मुलांच्या गोळ्यांच्या पाकिटातून निघालेलं कार्ड घेऊन आली, आत्या ही तूच ना म्हणाली. मीच होते. एका सेमीफायनलचा फोटो, मी समोरच्या रेडरचा घोटा धरून मॅटवर आडवी, गुडघ्याला पट्टी, आणि त्या मुलीचा चेहरा अर्धा कापलेला. मागे माझं नाव, उंची (तीही चुकीची) आणि ठळक अक्षरात "आक्रमक चढाईपटू". जिने सगळं करिअर पकडींवर काढलं ती चढाईपटू! अहो फोटोत मी पकड करतेय हे दिसत होतं, एक फोन केला असता तर सांगितलं असतं ना.

मीच फोन केला तर उत्तर एकच, फोटो रीतसर घेतलाय. फोटोग्राफर ओळखीचा होता, तो म्हणाला कॉपीराइट माझा. असेल ना, फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याचाच असतो, त्याबद्दल माझं कधीच भांडण नव्हतं. पण माझं नाव आणि चेहरा लावून माल विकायचा हक्क त्याच्याकडे कधी नव्हताच, मग तो त्याने विकला कसा? यावर कुणाकडे उत्तर नाही. पुढच्या सेटमधून मला गुपचूप काढलं आणि दुसरी मुलगी टाकली, तिलाही न विचारता. आणि घरात दादा काय म्हणतो, फुकटात प्रसिद्धी मिळाली, लोक पैसे देऊन छापून घेतात, तू तक्रार कसली करतेस.

तर दादासारखं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी: हा हक्क कोर्टाने मान्य केला तोच मुळी कार्डांच्या भांडणात. 1953, अमेरिका, हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स. दोन्ही च्युइंगगमवाले, गमबरोबर बेसबॉल खेळाडूंचे फोटो कुणी द्यायचे यावरून जुंपलेली, आणि न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी लिहिलं की खासगीपणा बाजूला ठेवला तरी आपल्या फोटोच्या प्रसिद्धीला जी किंमत आहे तिच्यावर माणसाचा हक्क असतो आणि तो करार करून दुसऱ्याला देता येतो. तरीही पुढे कित्येक वर्षं खेळाडूंच्या हातात टेकवले जायचे वर्षाला 125 डॉलर. मग बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेच्या मार्व्हिन मिलरनी सांगितलं की टॉप्ससाठी फोटोला उभंच राहू नका, तेव्हा कुठे 1968 मध्ये 250 डॉलर आणि वर विक्रीतला टक्का मिळाला. प्रसिद्धी तर त्या सगळ्यांना आधीपासून होतीच की! ती कमावली त्यांनी मैदानावर, गमच्या पाकिटाने नाही दिली.

तुमच्या प्रश्नाकडे येते. स्टॉक साइटवरून घेतलेल्या खेळाच्या फोटोंवर बहुतेक वेळा "फक्त संपादकीय वापरासाठी" असं असतं, म्हणजे बातमीला चालेल, विकायच्या कार्डाला नाही. खेळाडूची लेखी परवानगी वेगळी. टीमचा लोगो, जर्सी हे अजून वेगळं, ते क्लबकडून किंवा लीगकडून घ्यावं लागतं. पनिनी या कार्डं छापणाऱ्या कंपनीची बेसबॉल कार्डं बघा, टोप्या कोऱ्या, लोगोच नाही, कारण खेळाडू संघटनेचं लायसन्स होतं पण लीगचं नव्हतं.

आता एक सांगायला हवं, भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाहीये, सगळं कोर्टांच्या निकालांवर चाललंय. आणि 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टात रारिओ ही खेळाडूंची डिजिटल कार्डं विकणारी कंपनी आणि मोहम्मद सिराजसारखे खेळाडू एका बाजूला आणि स्ट्रायकर हा फँटसी गेम दुसऱ्या बाजूला अशी केस झाली, त्यात गेमच्या डिजिटल कार्डांवर खेळाडूंची नावं, आकडेवारी आणि हाताने काढल्यासारखी चित्रं होती, आणि कोर्टाने अंतरिम मनाई दिली नाही, ही माहिती सार्वजनिक आहे म्हणून. मला ते पटलेलं नाही, पण निकाल आहे. त्यामुळे फोटोऐवजी चित्र वापरणार असाल तर वकिलाशी बोला, तिथे वाट असू शकते. फोटोच्या कार्डाबाबत मात्र मी धोका पत्करणार नाही.

परवानगी मागाल तेव्हा कुठलं कार्ड, किती प्रती, किती वर्षं, पैसे किती हे सगळं लिहून द्या, छापायच्या आधी मागची बाजू खेळाडूला वाचायला पाठवा, फोटोत दुसरा कुणी ओळखू येत असेल तर त्यालाही विचारा. आणि तुम्हाला प्रसिद्धी मिळेल, हे पैशांच्या जागी लिहू नका.