एप्रनचा 'न' कुठे गेला?

नॅपकिन आणि एप्रन हे इंग्रजी शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत का, असं विचारलंय. हो, सख्ख्या नात्यातले आहेत. एप्रनचा पहिला 'न' वाटेत गळाला म्हणून ते नातं चटकन दिसत नाही.

मूळ शब्द लॅटिन 'माप्पा', म्हणजे हातपुसणं किंवा मेजावरचं कापड. फ्रेंचमध्ये त्याच्या 'म'चा 'न' होऊन 'नाप' झालं आणि लहान कापडाला 'नापरों' म्हणू लागले. इंग्रजांनी 1300च्या सुमारास तो शब्द 'नॅप्रन' असा उचलला. कपडे खराब होऊ नयेत म्हणून पुढे बांधायचं फडकं, हा अर्थ त्याला इंग्रजीत चिकटला. फ्रेंचमध्ये तो आजही मेजावरच्या छोट्या शोभेच्या कापडापुरताच आहे.

आता खरी गंमत. इंग्रजीत 'एक' या अर्थी व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतं. 'अ नॅप्रन' आणि 'अन् ॲप्रन' बोलून पाहा, कानाला फरकच कळत नाही. शुद्धलेखन ठरलेलं नव्हतं, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शब्द कुठे तोडायचा हे कानच ठरवायचा. पंधराव्या शतकात नवी तोड लेखनात दिसू लागते. काही काळ दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदली, मग 'न'वालं मागे पडलं. त्याच 'नाप'वरून आलेल्या नॅपकिनचा 'न' मात्र शाबूत राहिला.

असं एप्रनचंच झालं असं नाही. आपला क्रिकेटचा अंपायर मुळात 'नूम्पेर', फ्रेंच 'नॉनपेर'वरून आलेला: ज्याला जोड नाही असा, दोघांच्या भांडणातला तिसरा. निवाडा करणाऱ्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही! विषारी साप 'ॲडर' हाही आधी 'न'सह होता. जर्मनमध्ये तो अजून 'नाटर' आहे. उलटंही घडलं. जास्तीचं नाव या अर्थी 'एकनेम' होतं, त्याला 'अन्'चा 'न' चिकटून 'निकनेम' झालं.

या यादीत ऑरेंजही हमखास घातलं जातं. ते मला पटत नाही. संस्कृत 'नारङ्ग' फारसी, अरबी करत युरोपात पोचला. स्पॅनिशने 'नारान्हा'मध्ये 'न' राखला, पण फ्रेंचमध्ये तो आधीच गेला होता. इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला तो बिन'न'चाच शब्द.