शूटिंगचं घर सावरताना

अरे, ज्या जुन्या घरात सिनेमाचं शूटिंग झालं ते कोकणातलं घर सावरायला निघालायस ना, मग रंगाचा डबा उघडण्याआधी सातबारा आणि घरपट्टीचा उतारा बघ. कोकणात पडक्या घरालाही मुंबईत चार हिस्सेदार निघतात. सगळ्यांची लेखी संमती हवी. मग सिनेमा थांबवून थांबवून बघ: पडवीतला खांब खरा की प्लायवूडचा? सेटवाल्यांनी ठोकलेलं पुन्हा उभारायचा हट्ट नको, पहिल्याच पावसात फुगेल.

भिंत जांभ्याची असेल तर सिमेंट लावूच नको. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, पाणी पितो, सिमेंट ते आत कोंडून ठेवतं आणि दगड भुसभुशीत होत जातो. चुन्याचाच गिलावा कर. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू दे. कौलं मात्र मे संपायच्या आत परतून घे, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवून घे. किनारा जवळ असेल तर नवं बांधकाम सुरू करू नकोस, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आडवे येतात. आणि दारावर हिरोच्या नावाची पाटी? ती मालकाला विचारूनच.